भाट्याच्या किनाऱ्यावरचं खग्रास

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद वेळच्या वेळी झाली पाहिजे. गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले तेव्हा तो रोज लिहीत होता. नुसता बघत बसला असता तर ते चंद्र आज दुसऱ्याच्या नावावर असते.

माझ्या ‘अवकाश आणि आपण’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजच्यासारखं ‘आजच्या दिवशी’ टाकलं. १९७१, अपोलो १४ चंद्रावर उतरलं. एकानेही हूं की चूं केलं नाही. त्याच्याच खाली माझा चुलतभाऊ बाबल्या याने ‘ओले काजूगर आले आहेत, हवे त्यांनी सांगा’ असं टाकलं आणि त्याला अंगठ्यांची रांग लागली. ही आमची रत्नागिरी. माणूस चंद्रावर उतरो नाहीतर पडो, यांची उसळ झाली पाहिजे. बाबल्याला ग्रुपमधून काढणार होतो, पण मग सभासद फारच कमी दिसतात.

मुख्य मुद्दा. अवकाश संशोधनातल्या टप्प्यांचा मी वीस वर्षं अभ्यास करतोय. स्पुटनिक, गागारिन, आर्यभट, चांद्रयान. ऑफिसात मला झोपेतून उठवून विचारा, तारीख सांगेन. या सगळ्या टप्प्यांत रत्नागिरी कुठेच नाही. विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून ग्रहण बघताना हेलियम सापडला असं तिकडचे लोक सांगतात. खरंखोटं त्यांनाच ठाऊक, पण सांगतात तरी. आम्ही काय सांगायचं? आंबा.

३ मार्चला खग्रास चंद्रग्रहण आहे. ठरवलं. भाट्याच्या किनाऱ्यावर जाहीर कार्यक्रम. माझं व्याख्यान, दुर्बीण, समोर अथांग समुद्र आणि त्यावर ग्रासलेला चंद्र. राहीही तेव्हा इथे असेल.

७ फेब्रुवारी, शनिवार

योगिनीला (पत्नी) योजना सांगितली. ती कोळंबी सोलत होती. पूर्ण ऐकल्यावर तिने एकच विचारलं, की ३ मार्चला शिमगा आहे ना?

आहे. म्हणून काय ग्रहणाने तारीख बदलायची?

तिचं म्हणणं, त्या दिवशी गावात पालखी उठते आणि पुढचा उजवा खांदा आपल्या घराचा. हे मला माहीत नाही असं तिला वाटतं. आबा (वडील, धोंडू सुर्वे) असेपर्यंत ते लावायचे, ते गेल्यापासून मी लावतो. मागची दोन वर्षं नाही लावला. एकदा कंबर, एकदा ऑफिसचं ऑडिट. त्यामुळे पालखी काही अडली नाही.

देवीबद्दल मला आदर आहे. पण एकविसाव्या शतकात एका सुशिक्षित माणसाने लाकडी दांडी खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर नाचावं, आणि तेही खग्रासच्या दिवशी, हे मला पटत नाही. गाव आहे तिथेच आहे. तिथे कुठलीही नवी गोष्ट घडलेली मी आजवर ऐकलेली नाही.

संध्याकाळी राहीचा पुण्याहून फोन. आमची एकुलती एक. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली, आता पीएचडीसाठी जर्मनीला चालली आहे, सात मार्चचं विमान. त्याआधी शिमग्याला घरी. कार्यक्रमाचं सांगितलं तर खूश झाली. मग म्हणाली, भाट्याला कशाला, गावी वर कातळाच्या सड्यावर करा ना, तिथून डोंगरापर्यंत सगळं मोकळं आहे, शिवाय पालखीही आहे.

आईने पढवलेलं आहे. लगेच ओळखलं. ती पुढे चंद्राबद्दल काहीतरी सांगू लागली, पण मी तिला १६१० सालापासून सुरुवात करून दिली. शेवटी तिचा बॅलन्स की चार्जिंग काहीतरी संपलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुर्बीण आली. ऑनलाइन मागवली होती. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेत. तिकाटण्याचा एक स्क्रू कमी. योगिनीच्या शिलाई मशीनचा स्क्रू बसला. ती विचारत होती, मशीन का हलतंय. माहीत नाही म्हणालो.

गच्चीवरून पहिलं निरीक्षण. समोरच्या बिल्डिंगच्या डिश अँटेनावर कावळा. उलटा. दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं हे सामान्य माणसाला माहीत नसतं. शेजारच्या हौसावहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यांना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, आम्हाला नुसत्या डोळ्यांनी सुलटा दिसतोय.

अशा लोकांत राहून काम करायचं आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

गॅलिलिओचा जन्मदिवस. ग्रुपवर टाकलं. बाबल्याने खाली हात जोडलेले टाकले. मेला असं वाटलं असणार.

फ्लेक्स छापून आला. पिवळ्यावर निळं. ‘खग्रास चंद्रग्रहण दर्शन, भाट्ये समुद्रकिनारा. मार्गदर्शक: सदानंद सुर्वे, खगोल अभ्यासक. ३ मार्च, दुपारी ४.३०.’ माझा फोटो डावीकडे, चंद्र उजवीकडे. फोटो किंचित मोठा झाला आहे.

योगिनी बघून म्हणाली, साडेचारला चंद्र कुठे असतो?

मी म्हणालो, ग्रहण साडेचार ते साडेपाच या वेळात पूर्ण असतं, ही खगोलशास्त्राची वेळ आहे. ती स्वयंपाकघरातून कॅलेंडर घेऊन आली आणि मागचं पान वाचून दाखवलं. ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र उगवतानाच ग्रासलेला. आपल्याकडे उगवणार पावणेसातच्या सुमाराला, आणि मग दोन-तीन मिनिटांत ग्रहण सुटणार.

कॅलेंडरच्या मागे पुरणपोळीची कृती आणि विम्याच्या जाहिरातीही असतात. पण इंटरनेटवर बघितलं तर या एका बाबतीत त्यांचं बरोबर निघालं.

हरकत नाही. चांद्रयान उतरताना शेवटची काही मिनिटंच सगळा देश श्वास रोखून होता. मोठ्या गोष्टी थोड्या वेळात होतात. दोन-तीन मिनिटांचं ग्रहण हे उलट जास्त दुर्मिळ. फ्लेक्सवर वेळेच्या जागी कागद चिकटवला. ‘खग्रास’ तसंच ठेवलं. अक्षर चांगलं आलंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातून थेट भाट्याला. जागेची पाहणी. कुठलीही मोहीम पाहणीशिवाय होत नाही.

भेळ घेतली. सूर्य बुडाला आणि बघतो तर काय, समोर समुद्राच्या बरोब्बर वर चंद्र. नाजूक कोर. खाली पाणी, वर चंद्र, मध्ये काही म्हणजे काही नाही. ना झाड, ना इमारत, ना बाबल्या. क्षितिज एका रेघेत. मी भेळवाल्याला म्हणालो, याला म्हणतात साइट सिलेक्शन. त्याने आणखी शेव घातली.

वाळूत जागा आखून ठेवली. इथे दुर्बीण, इथे मी, इथे खुर्च्या, तोंडं समुद्राकडे.

घरी सांगितलं तर योगिनीचा प्रश्न तयार. चंद्र त्या बाजूने उगवतो का? तिचं माहेर बुरोंडी. सगळं लहानपण होड्या मोजण्यात गेलं, आणि मला समुद्राबद्दल विचारते. तिला समजावलं, की मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलोय. सूर्याचं वेगळं, चंद्राचं वेगळं. चंद्राला स्वतःची कक्षा असते. ती ‘बरं’ म्हणाली. हिच्या ‘बरं’मध्ये ऐकून घेण्याची वृत्ती कमी असते.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबल्या आला. काजूगराची पिशवी, दोन नारळ. पाय धुऊन बसला आणि सरळ विषयाला हात घातला. ग्रहण सुटलं की पालखी उठणार, तोपर्यंत देवळात थांबणार, गावकीने ठरवलंय. राहीचा हा इथला शेवटचा शिमगा, पुढे कधी येते कोण जाणे. तर मी येणार ना?

मी त्याला कार्यक्रमाचं महत्त्व सांगितलं. स्पुटनिकपासून. तो ऐकत होता, म्हणजे चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, “दादा, खांदा तुझाच हाय. मी काय, पायजे तर लावीन. पन आबांच्या जागेवर मी लावायचा आनि तू असताना लावायचा, ह्ये बरं दिसत नाय.”

त्याला म्हणालो, पालखी दरवर्षी असते. अशी ग्रहणं रोज होत नाहीत.

तो म्हणाला, “राही पन रोज नसंल.”

भावनिक दबाव टाकण्यात ही गावची माणसं पटाईत. काजूगर मात्र चांगले आहेत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिस सुटताना सहज वर बघितलं. चंद्र डोक्यावर आहे, अर्धा. परवा-परवापर्यंत समुद्रावर होता. वर चढलाय. म्हणजे तीन तारखेपर्यंत उतरेल. गणित बरोबर बसतंय.

गौरव म्हणून इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा एक तरुण आहे, ग्रुपचा सभासद. त्याचा भलामोठा मेसेज. ‘सर, फ्लेक्स पाहिला. एक छोटी सूचना करू का,’ अशी सुरुवात. पुढे वाचलं नाही. या सूचना मला माहीत आहेत. शेवटी ‘मीही दोन शब्द बोलू का’ इथे येतात. म्यूट केलं.

व्याख्यानाची तयारी झाली. ‘चुकांमधून शिकताना’ असा एक खास भाग आहे. १९९९ मध्ये अमेरिकेचं मंगळावर पाठवलेलं यान गेलं ते गेलंच. कारण काय, तर एका गटाने पौंडात हिशेब केला, दुसऱ्याने मेट्रिकमध्ये. एवढे शिकलेले लोक, आणि इतकी साधी गोष्ट निघण्याआधी कुणी विचारू नये? इथे मी थांबणार आहे. लोक हसतील.

२८ फेब्रुवारी, शनिवार

राही आली. वाळली आहे. आल्या आल्या आईच्या हातची सोलकढी दोन वाट्या. मग दुर्बीण बघितली, नळी फिरवली, काहीतरी सैल केलं, काहीतरी घट्ट केलं, आणि आता कावळ्याची चोचसुद्धा स्पष्ट दिसते. मी तेच करणार होतो.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला. ती म्हणाली, “बाबा, माझ्या लहानपणी आबा तुम्हाला खांद्याखाली उभं करायचे आणि मी सहाणेवरून बघायचे. तेवढं एकदा बघून जायचंय. बाकी तिकडे सगळं मिळेल.”

सहाण म्हणजे गावात पालखी टेकवतात तो दगडी चौथरा. मी ताटाकडे बघत होतो. मला काही वाटलं नाही असं नाही. पण माझीही एक बाजू आहे. वीस वर्षं मी या घरात गागारिन गागारिन करतोय आणि ही पोर तिकडे परक्या लोकांना सांगणार की वडील क्लार्क होते. एकदा तिने मला माइकसमोर बघावं, समोर लोक, मागे चंद्र. एवढंच. हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हणालो की विज्ञान शिकलेल्या मुलीने असं बोलावं याचं आश्चर्य वाटतं.

ती म्हणाली, उद्या संध्याकाळी आपण दोघं भाट्याला जाऊन जागा बघून येऊ या, मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. मी म्हणालो, जागा झालीय बघून, मला शिकवू नकोस.

हे जरा जोरात गेलं.

२ मार्च, सोमवार

पायोनिअर १० सुटलं, १९७२. ग्रुपवर टाकलं. प्रतिसाद: बाबल्या, काजूगर संपले.

काल संध्याकाळी एकटाच भाट्याला जाऊन आलो. चंद्र समुद्रावर दिसला नाही. उद्याची तयारी करत असेल. ढग अजिबात नव्हते, त्यामुळे काळजी नाही.

योगिनी आणि राही आज दुपारच्या एसटीने गावी गेल्या. ओटी भरायला घरातलं कुणीतरी लागतं, आणि राहीला राहायचं आहे. जाताना ती दारात थांबली. म्हणाली, “उद्या चंद्र दिसला नाही तर मला फोन करा. लगेच.”

नाही दिसला तर. म्हणजे वडिलांवर एवढा विश्वास. मी पेपर वाचत होतो. ‘हं’ म्हणालो.

नंतर घर फार मोठं वाटलं. खिचडी केली, करपली.

३ मार्च, मंगळवार

दुपारी. खुर्च्या आल्या. दोनशे सांगितल्या होत्या. मंडपवाला म्हणाला, शिमग्यामुळे माणसं नाहीत, पन्नास घ्या. फ्लेक्स दोन काठ्यांना बांधला. वाऱ्याने माझा अर्धा चेहरा दुमडतो, पण चंद्र दिसतो.

साडेपाच. लोक येऊ लागलेत. मुख्यत्वे कोल्हापूरकडचे पर्यटक, रंगाने माखलेले. खुर्च्या फुकट आहेत का, असं विचारून बसले. ऑफिसातलं कुणी नाही. हौसावहिनी येणार होत्या, त्यांचीही पालखी आहे. या जिल्ह्यात प्रत्येकाची पालखी आहे.

सव्वासहा. व्याख्यान सुरू केलं. खुर्च्या भरल्या, मागेही लोक उभे. सगळे टक लावून समोर बघत होते. इतकी एकाग्र सभा मी कधी पाहिली नव्हती. आर्यभटापाशी आलो तेव्हा तर सगळ्यांनी मोबाइल वर केले. मग लक्षात आलं की ते माझ्या पाठीमागे सूर्यास्त शूट करत होते. मंगळावर गेलेल्या त्या यानाच्या चुकीपाशी थांबलो. कुणी हसलं नाही.

सूर्य बुडाला. टाळ्या झाल्या. त्या सूर्याला होत्या. बघता बघता खुर्च्या रिकाम्या. एका बाईंनी जाताना विचारलं, रोज असतो का हा कार्यक्रम, छान वाटलं.

सात वाजायला आले. दुर्बिणीला डोळा लावून बसलोय. समुद्र. फक्त समुद्र. एक होडी दिसली, उलटी. चंद्र उशिरा येतोय. त्याला कॅलेंडर कुणी वाचून दाखवलं नसेल.

शेजारी भेळवाला येऊन उभा राहिला होता, समुद्राकडेच बघत. मी विचारलं, काही दिसतंय? म्हणाला, तुम्ही बघताय म्हणून मी बघतोय.

मग फोन वाजला. राही. मागे ढोल, ताशा, कुणीतरी ओरडत होतं. मी तिला सांगणार होतो की वातावरणीय कारणांमुळे उदयाला विलंब होतोय. ती म्हणाली, “बाबा, मागे वळा.”

वळलो.

किनाऱ्याला लागून नारळ संशोधन केंद्राची बाग आहे. उंच, दाट, वर्षानुवर्षं जोपासलेली. त्या झावळ्यांच्या आड कुठेतरी पिवळट उजेड होता. मी वाळूतून मागे पळत गेलो, इकडून तिकडून, वाकून, टाचा उंच करून. जिथून बघावं तिथे नारळ. कितीतरी वेळाने शेंड्यांच्या वर चंद्र निघाला. वाटोळा, स्वच्छ, पांढरा. कुणी त्याला हात लावला असेल असं वाटत नव्हतं.

फोन चालूच होता. ती म्हणाली, सड्यावरून दिसला, डोंगराच्या रेघेवर, तांबूस, एका कडेला जरासा काळसर. बघता बघता गेला. मग म्हणाली, “तुम्हाला रविवारी तेच दाखवायचं होतं, चंद्र कुठून येतो ते.” आवाजात हसू नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

ढोल वाढला, ती ‘ठेवते’ म्हणाली.

खुर्च्या परत करायला मंडपवाला आला. त्याने विचारलं, झालं का ग्रहण? झालं म्हणालो. खोटं नव्हतं.

४ मार्च, बुधवार

कार्यक्रमाचा अहवाल तयार केला. ‘प्रचंड प्रतिसाद. स्थानिक वनस्पतींच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्ष दर्शनात किंचित विलंब. दिशेच्या संदर्भात काही तांत्रिक तफावत आढळली, तिचा अभ्यास चालू आहे.’ आमच्या ऑफिसात याहून वाईट गोष्टी याहून कमी शब्दांत बसवतात.

गौरवचा मेसेज उघडला. ‘सर, पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो, भाट्याला पूर्वेला नारळ आहेत, पश्चिमेला समुद्र. सड्यावर घ्यायचं का? मी खुर्च्या उचलायला येईन.’ दोन शब्द बोलण्याचं कुठेच नव्हतं. आता एवढं माहीत होतं तर त्याने फोन करायला काय झालं होतं? आजकालच्या मुलांना फोन उचलून बोलायचा कंटाळा.

योगिनी आणि राही अजून गावीच. फोन केला तर योगिनी म्हणाली, इथे फार गर्दी आहे, सगळे राहीला भेटायला येतायत. का, ते सांगितलं नाही. सगळ्यांना जर्मनीचं कौतुक असणार.

६ मार्च, शुक्रवार

व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांचा जन्मदिवस. अवकाशात गेलेली पहिली स्त्री. ग्रुपवर सविस्तर टाकलं, की पहिलं पाऊल टाकणाऱ्यांना इतिहास लक्षात ठेवतो, त्यांना विरोध करणाऱ्यांना नाही.

त्याच्या खाली बाबल्याने एक फोटो टाकला.

सहाणेजवळ पालखी, गुलाल, डोंगरावर गोल चंद्र. पुढच्या उजव्या खांद्याला राही. पदर खोचलेला, दात-ओठ आवळलेले, कपाळाला गुलाल. ती हसतेय की रडतेय ते कळत नाही. मागे बाबल्या, तिच्या उंचीला दांडी यावी म्हणून गुडघ्यात वाकलेला. खाली त्याने लिहिलं होतं, ‘आमच्या गावात पहिल्यांदा पोरीचा खांदा. धोंडूआबांची नात.’

अंगठे सुरू झाले ते थांबेचनात. ज्यांनी वीस वर्षांत मला हूं म्हटलं नव्हतं ते बोलू लागले. ऑफिसातल्या साहेबांनी फुलं टाकली. गौरवने लिहिलं, हा खरा टप्पा. मी ॲडमिन आहे, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

दुपारी दोघी आल्या. झालं ते योगिनीने सांगितलं. ग्रहण सुटलं की नाही हे गुरवाने राहीलाच विचारलं होतं. ती सुटलं म्हणाली तेव्हा पालखी उचलायला माणसं उभी राहिली. आमची जागा रिकामी. बाबल्या पुढे होईना. म्हणे, मी चुलत घरचा. मग राहीच जाऊन उभी राहिली. दोन-चार मानकऱ्यांनी कुरकुर केली. तेव्हा बाबल्याची आई, येसूकाकी, सहाणेवर बसल्या बसल्या म्हणाली, “पोर घरची हाय ना? खांदा घराचा हाय, मिशीचा नाय.” आणि ढोल वाजायला लागले.

मी म्हणालो, परवानगी वगैरे विचारायची पद्धत असते. राही बॅग भरत होती. म्हणाली, “तुम्ही असता तर विचारलं असतं.”

संध्याकाळच्या गाडीने ती मुंबईला गेली. सामान चढवून दिलं. मला बरंच सांगायचं होतं. सांगितलं की जर्मनीत केप्लर होऊन गेला, त्याची माहिती काढ. तिने खाली वाकून नमस्कार केला आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजव्या. ठेवण्यासारखाच ठेवला होता, पण मला लागला.

८ मार्च, रविवार, रंगपंचमी

आज पालखी देवळात परत जाणार. सकाळच्या एसटीने गावी गेलो. धोतर नेसलो होतो. मी आलोय हे कळावं म्हणून जरा मुद्दाम सहाणेच्या मधोमध उभा राहिलो. ज्यांनी मला लहानपणापासून सदू म्हटलं, त्या सगळ्यांनी विचारलं, राही पोचली का? एक नवीन सुनबाई आपल्या सासूला विचारत होत्या, हे कोण? सासू म्हणाली, “राहीचा बापूस.”

खगोल अभ्यासक असं कुणी म्हणेल अशी अपेक्षा नव्हतीच.

पालखी उचलायच्या वेळी मी पुढे झालो. एक म्हातारे मानकरी म्हणाले, थांब. यंदा या घरचा खांदा राहीने उचललाय, पालखी देवळात जाईपर्यंत तो तिचा. ती नाही तर तिच्या वतीने कोण लावणार, ते सांगा. बाबल्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हा नियम त्यांनी आजच काढला असावा, पण कुणी हसत नव्हतं.

मी म्हणालो, मी लावतो. राहीच्या वतीने.

दांडी आठवत होतो त्याहून जड आहे. आबा ती हसत हसत पेलायचे. देवळापर्यंत पोचेस्तोवर माझा श्वास संपला. दोनदा पाय अडखळला, तेव्हा बाबल्याने मागून सावरलं. टेकवल्यावर मी इकडे तिकडे बघितलं, कुणी फोटो काढला का म्हणून. सगळ्यांचे मोबाइल खिशात होते, हात रंगात.

रडू आलं होतं. गुलाल डोळ्यात गेला असं सांगितलं. बाबल्या म्हणाला, आज गुलाल नाय दादा, रंग हाय.

देवळाच्या पायरीवर बसून राहीला मेसेज केला. ‘आज खांदा लावला. तुझ्या वतीने.’

मग तिचं उत्तर आलं. ‘तोंड कुठल्या दिशेला होतं, बाबा?’

पूर्वेला, असं कळवलं. देऊळ सहाणेच्या पश्चिमेला आहे, पण एवढ्या लांबून तिला काय दिसतंय.